साळवेबाईंचा आगमनकाळ

विनयाकाकू साळवे यांनी तेरा वर्षं एका माणसाचं वाईट चिंतलं. रोज दिवेलागणीला त्या गुडघे टेकून प्रार्थना करायच्या आणि त्या प्रार्थनेतही तो माणूस असायचा.

"त्याचं भलं कर, असं नाही हं म्हणत मी," त्यांनी मला एकदा स्वच्छ सांगितलं होतं. "मी फक्त आठवण करून देते. देवाला कामं पुष्कळ असतात."

लखनौच्या वृंदावन योजनेत त्यांचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. मी मूळची साताऱ्याची, इथल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. घर शोधत होते तेव्हा ब्रोकरनं "मैडम, आपके ही तरफ़ के लोग हैं" म्हणून इथं आणलं. काकूंनी दार उघडलं, माझं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "क्षितिजा? मग आधी चहा घे. घर काय, पळून जात नाही."

काकू नगरच्या, त्यांचे यजमान देवदत्तकाका राहुरीचे. दोघंही ख्रिस्ती. काकूंचे वडील सायकलवरून खेड्यापाड्यांत फिरणारे धर्मप्रचारक होते. काका हवाई दलात इंजिनं दुरुस्त करायचे. शेवटची बदली लखनौला झाली, तोवर काकूंना इथल्या फुलांच्या एका संशोधन केंद्रात नोकरी लागली होती, म्हणून मग इथंच राहिले. मुलगा अमोघ बंगळुरूला असतो. फोनवर आई मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो.

ते केंद्र सरोजिनी नगरच्या पुढं, कानपूर रोडला लागून आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. काकू तिथं तांत्रिक सहायक होत्या. म्हणजे शास्त्रज्ञ लिहिणार आणि काकू रोपं लावणार, कलमं करणार, रोज मोजमाप घेऊन वहीत टिपणार. शेवंती हा त्यांचा विषय. इकडं शेवंतीला गुलदाउदी म्हणतात. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती बहुतेक आटोपते. एका वर्षी काकूंना बियांपासून आलेल्या रोपांत एक असं रोप सापडलं, की बाकीच्या कुंड्या सुकायला लागल्यावर ते फुललं, नाताळच्या चार दिवस आधी. आणि रंग असा गडद जांभळा, की सावलीत काळाच वाटावा.

नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांना ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. प्रभू यायचा आहे म्हणून मन झाडूनपुसून तयार करायचे दिवस. त्यांचा रंग जांभळा. काकूंच्या चर्चमधे त्या दिवसांत वेदीवर फुलं ठेवत नाहीत. हिरव्या डहाळ्यांचं एक कडं असतं, त्यात मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त लावायची. काकूंनी त्या रोपाचं नाव ठेवलं 'आगमन'. तीन वर्षं कलमं करकरून त्यांनी ते वाढवलं, रंग टिकतो का, वेळ टिकते का, सगळं वहीत लिहिलं. वही त्यांचे साहेब डॉ. धनंजय बर्वे यांच्याकडं दिली.

बर्वेंनी वाण आपल्या नावावर नोंदवला आणि त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं, स्वरदा.

काकूंनी लेखी तक्रार केली. आठ दिवसांत उलटी तक्रार आली, की साळवेबाई केंद्रातली कलमं घरी नेतात. केंद्राचे दोन सुरक्षारक्षक जीप घेऊन घरी आले आणि अंगणातल्या झाडून सगळ्या कुंड्या उचलून घेऊन गेले. त्यात तुळस होती, ओवा होता, शेजारणीनं सांभाळायला दिलेला गुलाब होता. अख्खी गल्ली बाहेर येऊन बघत होती. काका त्या रक्षकांच्या अंगावर धावून गेले, त्यांना काकूंनीच कमरेला मिठी मारून धरून ठेवलं. चौकशी चालली सव्वा वर्ष. चोरी सिद्ध झाली नाही, पण काकूंची वही त्या कागदपत्रांत 'सापडेनाशी' झाली आणि काकूंची बदली बियाणांच्या कोठारात झाली. निवृत्त होईपर्यंत त्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

हे सगळं मला त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं, कधी मटार सोलता सोलता, कधी जिन्यात उभ्या उभ्या. रडून कधीच नाही. बर्वेंच्या बाबतीत त्यांना सगळं पाठ होतं. त्यांची जन्मतारीख, गोमती नगरातला फ्लॅट कितव्या मजल्यावर, बायको कधी वारली, मुलगी कुठल्या देशात शिकते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बर्वे आरतीला पुढं असतात म्हणून काकू तिथं फिरकत नसत. एकदा बर्वे घसरून पडले, मनगट मोडलं. ते ऐकल्यावर काकूंनी शिरा केला. वेलदोडे घालून, मनापासून. मला वाटी देताना म्हणाल्या, "कारण विचारू नकोस. खा."

त्यांच्या वडिलांची एक रीत होती. आगमनकाळाच्या चार आठवड्यांत चार माणसांकडं जायचं, ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याकडं. जाऊन चहा प्यायचा, मनात असेल ते बोलून टाकायचं आणि परत यायचं. काकू ती रीत दर वर्षी पाळायच्या. भाजीवाल्याकडं जायच्या, गच्चीच्या पाण्यावरून भांडलेल्या शेजारणीकडं जायच्या, नणंदेला नगरला फोन करायच्या. तीन आठवडे तीन माणसं व्हायची. चौथा आठवडा तेरा वर्षं रिकामा गेला. चौथ्या रविवारी काका नुसतेच घड्याळाकडं बघायचे.

गेल्या नोव्हेंबरात एक छापील निमंत्रण आलं. केंद्राचं वार्षिक पुष्पप्रदर्शन, एकवीस डिसेंबर. त्याच दिवशी डॉ. बर्वे यांच्या निवृत्तीनिमित्त सत्कार आणि 'स्वरदा' या वाणाच्या शंभर कुंड्यांचं खास दालन. सगळ्या निवृत्त कर्मचाऱ्यांना पाठवलं होतं, तसं ते काकूंनाही आलं.

काकूंनी निमंत्रण दोनदा वाचलं आणि देव्हाऱ्यात ठेवावं तसं कपाटावर उभं करून ठेवलं.

"क्षितिजा," त्या म्हणाल्या, "शनिवारी सकाळी मला स्कूटीवरून केंद्रात सोडशील? फिरायला जायचं म्हणते."

निवृत्त लोकांना तिथल्या बागेत सकाळी फिरायचा पास असतो. शनिवारी, तीस नोव्हेंबरला, आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी आगमनकाळातला पहिला रविवार होता. धुकं एवढं होतं की मी ओढणी तोंडाला गुंडाळून स्कूटी चालवली. प्लास्टिकच्या मोठ्या पॉलिहाऊसपाशी राजाराम भेटला. हा तिथला माळी, उन्नावकडचा, एकोणीस वर्षं कंत्राटावर. कोठारात बदली झाल्यावर अख्ख्या केंद्रात काकूंशी बोलणं न तोडलेला हा एकच माणूस.

"दीदी! आइए, देखिए आपके बच्चों को," म्हणून त्यानं कुलूप उघडलं.

शंभर कुंड्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक फांदीवर वाटाण्याएवढ्या घट्ट कळ्या. काकूंनी एका कळीला बोट लावलं. राजाराम मला खत दाखवायला बाहेर घेऊन गेला. आम्ही परत आलो तेव्हा काकू दाराजवळच्या भिंतीपाशी उभ्या होत्या आणि रुमालानं बोटं पुसत होत्या.

घरी येताना पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा त्यांनी सांगितलं. शेवंती लांब रात्रीवर फुलते. तिला सलग अंधार लागतो. मधेच थोडा उजेड पडला, तरी झाडाला वाटतं रात्र संपली, आणि ते फूल उमलवत नाही. म्हणून उन्हाळ्यात, रोपं नुसती वाढवायची असतात तेव्हा, पॉलिहाऊसमधे रात्री दिवे लावतात. दिवे तिथंच टांगलेले असतात, भिंतीवर टायमर असतो. थंडीत तो बंद ठेवतात.

"मी चालू केला," काकू म्हणाल्या. "रात्री अकरा ते एक. दोन तास उजेड. बस्स."

मी हसले. खरंच हसले. मला ते फार हुशारीचं वाटलं. कुणाला मारलं नाही, काही तोडलं नाही, नुसता दिवा लावला. मी पेट्रोलचे पैसे दिले आणि स्कूटी सुरू केली. हे मी इथं लिहिते आहे, कारण पुढं जे झालं त्यात मी नुसती बघणारी नव्हते.

पहिल्या रविवारी काकू चर्चला जाताना नेहमीपेक्षा ताठ चालत होत्या. घरी त्यांनी टेबलावर डहाळ्यांचं कडं केलं, पहिली मेणबत्ती लावली. तो आठवडाभर त्यांच्या हाताला वेग आला होता. पडदे धुतले, पितळी भांडी घासली, अनारशांचे तांदूळ भिजत घातले. त्यांच्या तोंडून मी कधी गाणं ऐकलं नव्हतं, ते आता जिन्यात ऐकू यायला लागलं. काका खूश होते. मला म्हणाले, "या वर्षी विनया खऱ्या अर्थानं तयारी करतेय."

दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. छावणीतलं जुनं चर्च, उपासना हिंदीतून. पाद्री अनीश मसीह हे पस्तिशीतले, बोलायला मोकळे. न्यायाच्या दिवसाबद्दल बोलले, की येणारा नुसता बाळ होऊन येत नाही, न्याय करायलाही येतो. बाहेर आल्यावर काकूंनी त्यांना गाठलं.

"पादरी साहब, मतलब न्यायाधीश का इंतज़ार करना भी आगमन ही हुआ ना?"

"बिल्कुल हुआ."

"फिर ठीक है," काकू समाधानानं म्हणाल्या.

पाद्रींनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "बस एक बात है, विनया जी. इंतज़ार करते-करते हम ख़ुद उनकी कुर्सी पर बैठ जाते हैं."

काकू हसल्या, पण रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "कुर्सी तेरा वर्षं रिकामी होती. कुणीतरी बसायला नको?"

तिसऱ्या आठवड्यात राजारामचा फोन आला. मी खाली चहा पीत होते. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

"दीदी, कली खुल क्यों नहीं रही? हर साल अब तक रंग दिखने लगता है. बर्वे साहब से कहा तो बोले, ठंड है. आप बताइए, खाद कम पड़ी क्या? मुझसे कुछ गड़बड़ हुई क्या?"

काकूंच्या हातात सुरी होती, पेरू चिरत होत्या. ती तशीच थांबली.

"नहीं भैया," त्या म्हणाल्या. "ठंड ही है. खुल जाएगी."

"आप कह रही हैं तो ठीक है," राजाराम म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी सुटका होती की मी कपाकडं बघत राहिले. काकूंनी पेरूच्या फोडी ताटलीत मांडल्या, मीठ भुरभुरलं आणि मला दिल्या. स्वतः एकही खाल्ली नाही.

एकवीस तारखेला काकूंनी लग्नातली पैठणी काढली. काकांनी विचारलं, "बर्वेच्या सत्काराला पैठणी?" त्या म्हणाल्या, "हो. त्याच्याच."

दालन मंडपाच्या मधोमध होतं. शंभर कुंड्या पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या, वर झगझगीत फलक, 'स्वरदा: शीत ऋतु की रानी', आणि खाली सगळं हिरवं. एक पाकळी नाही. प्रत्येक कुंडीत मुठी आवळून बसल्यासारख्या कळ्या. बर्वे सूटबूट घालून उभे होते. त्यांची मुलगी मुद्दाम परदेशातून आली होती, जांभळी साडी नेसून, बापाच्या फुलाशी जुळेल अशी. प्रमुख पाहुण्या बाईंनी फीत कापली, आत आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फूल कहाँ हैं?"

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. बर्वे थंडीबद्दल बोलायला लागले. तोवर पाहुण्या बाई शेजारच्या गुलाबांकडं वळल्या होत्या. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

काकू दालनाच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, हातावर हात ठेवून. त्यांनी एक क्षणही नजर हलवली नाही. बर्वेंच्या कानशिलावरून घाम ओघळला, तो त्यांनी तळहातानं पुसला. काकूंनी तेही पाहिलं. पंधरा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "चल." वाटेत एका ठेल्यावर थांबवून त्यांनी टिक्की खाल्ली, दोन प्लेट. तिखट वरून मागून घेतलं.

"पोट भरलं बघ," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षांत पहिल्यांदा."

दुसऱ्या दिवशी चौथा रविवार. चर्चमधे त्या एवढ्या मोठ्यानं गायल्या की पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून पाहिलं.

दुपारी तीनच्या सुमाराला राजाराम आला. हातात एक कागद होता, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. कार्यक्रम आटोपल्यावर बर्वे तडक पॉलिहाऊसमधे गेले होते. रात्रपाळीच्या रखवालदारानं सांगितलं, की दिवे तर तीन आठवडे रोज रात्री लागत होते, त्याला वाटलं कामाचेच असतील. किल्ली राजारामकडं, टायमर राजारामच्या ताब्यात. कागदात लिहिलं होतं, निष्काळजीपणाबद्दल खुलासा द्यावा, नाहीतर एक जानेवारीपासून येऊ नये.

"दीदी, आपको तो ये सब लिखना आता है," राजाराम म्हणाला. "आपने वो जाँच झेली थी ना. मेरा जवाब लिख दीजिए. लिखिए कि मैंने टाइमर को हाथ नहीं लगाया. भगवान क़सम, दीदी. पता नहीं किसने किया."

काकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. काकूंनी कागद घेतला, पेन घेतलं. 'सेवा में' लिहिलं. तारीख लिहिली. मग पेन थांबलं. राजाराम वाट बघत होता. काका आधी कागदाकडं बघत होते, मग काकूंच्या हाताकडं, मग एकदा माझ्याकडं. मी मान खाली घातली. त्यावरूनच त्यांना कळलं असणार.

"कल आओ भैया," काकू शेवटी म्हणाल्या. "शायद ज़रूरत ही न पड़े."

तो गेल्यावर काकांनी दार लावलं.

"टायमर तू लावलास."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अडवलं असतं."

"अडवलं असतं," काका म्हणाले. "आपल्या चौकशीत त्यांनी तुला जबाबावर सही करायला बसवलं होतं, तेव्हा तुझा हात असाच थांबला होता. मी शेजारी बसलो होतो. आज तुझ्या जागी राजाराम बसला होता, आणि…"

"आणि काय? पुरं बोला."

"तुला माहीत आहे," काका म्हणाले आणि आत निघून गेले.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते, पण चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. "गोमती नगरला नेशील?"

बर्वेंच्या फ्लॅटचं दार त्यांच्या मुलीनं उघडलं. तिनं आम्हाला बसवलं, स्वतः चहा आणला. "आंटी, आपने भी पापा के साथ काम किया है?"

"हो," काकू मराठीतच म्हणाल्या. "तुझ्या नावाचं फूल पहिल्यांदा मी पाहिलं."

"सो स्वीट," ती म्हणाली. तिला कौतुकच वाटलं ते. बर्वे आले तशी ती आत गेली.

"साळवेबाई," बर्वे म्हणाले. "बऱ्याच वर्षांनी."

"टायमर मी लावला होता. राजारामनं नाही."

बर्वेंनी आधी आतल्या दाराकडं पाहिलं, ते लागलेलं आहे ना याची खात्री केली, आणि मग बसले. ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "पण कळ्या तर धरल्या होत्या. एकदा कळी धरली की उजेडानं काय होतं?"

काकू त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांच्या ओठांच्या कडेला असं काही आलं, जे मी प्रदर्शनातही पाहिलं नव्हतं.

"बाकीच्यांना चालतं. हिला नाही चालत. हिला उमलेपर्यंत रोज सलग तेरा तास अंधार लागतो. वहीत लिहिलं होतं मी. तुम्ही वाचलंच नाहीत? तेरा वर्षं तुमच्या नावावर आहे ती, आणि तुम्हाला हे माहीत नाही?"

बर्वेंचे कान लाल झाले. मग ते पुढं झुकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, मी एकतीसला निवृत्त होतोय. त्याआधी एक पत्र देऊ शकतो. 'स्वरदा'च्या नोंदणीत सहसंशोधक म्हणून तुमचं नाव घालावं, असं. माझ्या सहीचं. डायरेक्टर माझं ऐकतात. पण मग हा टायमरचा विषय इथंच संपला. चौकशी लागली आहे, कुणाची तरी चूक दाखवावीच लागणार. राजाराम कंत्राटी आहे. त्याला मी दुसरीकडं कुठंतरी लावून देतो."

काकूंनी कप उचलला. "पत्र कधी मिळेल?"

"उद्या सकाळी."

खरं सांगते, त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. राजारामला दुसरं काम मिळेल, आपण शोधू, असं मी मनात जुळवायलाही लागले होते. काकू चहा पीत होत्या, घोट घोट, जसं काही कुणाला घाईच नाही. सगळा संपवून त्यांनी कप बशीत ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला माझंच देताय, आणि त्याच्यासाठी राजारामचं काढून घेताय. उद्या मी डायरेक्टरांना लेखी देणार. तुम्हाला पोलिसात जायचं तर जा. कळी उशिरा का उमलते ते तिथं सांगायला मला आवडेल."

त्या उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "आणि माफ वगैरे करायला आले होते असं समजू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

तेवीस तारखेला त्यांनी स्वतःच्या हातानं हिंदीत अर्ज लिहिला. तीस नोव्हेंबरला सकाळी टायमर मी चालू केला, राजाराम निर्दोष आहे, होईल ती कारवाई मला मान्य आहे. वाणाबद्दल, वहीबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं, "काकू, निदान का केलं ते तरी लिहा." त्या म्हणाल्या, "ते लिहिलं की सगळे माझ्याबद्दलच बोलत बसतील. हा कागद राजारामचा आहे."

केंद्रानं त्यांचा पास रद्द केला, आवारात येण्याची कायमची बंदी घातली. वय बघून पोलिसात दिलं नाही, किंवा बर्वेंनीच देऊ दिलं नसेल. एका हिंदी पेपरात चार ओळी आल्या, 'बदले की आग में पूर्व कर्मचारी ने मुरझाई गुलदाउदी'. गल्लीत पुन्हा एकदा सगळे बाहेर येऊन बघू लागले. बर्वे शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. 'स्वरदा' अजून 'स्वरदा'च आहे. राजारामची नोकरी राहिली.

नाताळच्या सकाळी काकू चर्चमधे शेवटच्या बाकावर बसल्या. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद घ्यायला, सगळे पुढं गेले, त्या उठल्या नाहीत. नंतर पाद्री मसीह त्यांच्याजवळ आले.

"राजाराम के लिए माफ़ी माँगती हूँ," काकूंनी त्यांना सांगितलं. "बर्वे के लिए नहीं माँग सकती. झूठ नहीं बोलूँगी."

"तो आधा ही लेकर आइए," ते म्हणाले. "बाक़ी के लिए दिसंबर फिर आएगा."

त्या लगेच प्रभुभोजनाला नाही गेल्या. ईस्टरला गेल्या. काका म्हणाले, परत बाकावर येऊन बसल्यावर त्यांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

राजारामकडं मात्र त्या सव्वीस डिसेंबरलाच गेल्या होत्या, त्याच्या तेलीबागेतल्या खोलीवर. करंज्या घेऊन. तो दारात उभा राहिला, आत या म्हणाला नाही. "आपने कहा था, ठंड है," एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोनं डबा घेतला नाही. त्यानंतर काकूंनी दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी केला नाही. "जबरदस्ती करायची नाही," त्या मला म्हणाल्या. "वाट बघायची."

या नोव्हेंबरात आम्ही दोघी तेलीबागच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. समोरून राजाराम येत होता, हातात पिशवी, बरोबर मुलगी. त्यानं काकूंना पाहिलं. पाय एकदा अडखळला, मग त्यानं मुलीचा हात धरला आणि सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेला.

काकू त्याच्या पाठीकडं बघत होत्या, दिसेनासा होईपर्यंत.

"बरोबर करतोय तो," त्या म्हणाल्या आणि भाजीवाल्याला विचारलं, "भैया, मटर कैसे दिए?"